किंमत पुढे पळते, बचत मागे राहते: महागाईत बिनकर्जी राहण्याचा हट्ट धरावा का?

निळी शाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरातल्या घरात बोलून विषय पुढे सरकत नाही, म्हणून इथे मांडते.

गेली नऊ वर्षं आमच्यावर एका पैशाचं कर्ज नाही. घराचे हप्ते फिटले त्या दिवशी नवऱ्याने ठरवलं, आता पुन्हा कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. त्याला कारणही तसंच आहे. त्याच्या लहानपणी त्याचे वडील दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले होते. दाराची कडी वाजली की वडील आतल्या खोलीत जाऊन बसायचे आणि "बाबा घरी नाहीत" हे सांगायला याला पुढे पाठवायचे. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. अजूनही अवेळी बेल वाजली की त्याचा चेहरा बदलतो, हे मी इतकी वर्षं बघतेय. त्यामुळे त्याच्या हट्टाला मी कधी हट्ट म्हटलं नाही.

त्याचं छोटं वर्कशॉप आहे, एका लेथवर चालणारं. मी नोकरी करते. दुसरं मशीन घ्यायचं म्हणून तीन वर्षांपूर्वी पैसे साठवायला लागलो. तेव्हाची किंमत १०० धरा. वर्षाला ३३ बाजूला टाकायचे, तीन वर्षांत रोखीने मशीन घ्यायचं, असा साधा हिशोब होता. ठरल्याप्रमाणे साठवलेही. ठेवीवर ६ टक्के व्याज धरून आज १०६ जमलेत. पण मशीनची किंमत दरवर्षी १२ टक्क्यांनी चढत गेली आणि आज ती १४० झाली आहे. ज्या रकमेसाठी तीन वर्षं हात आखडता घेतला ती हातात आली, आणि मशीन तिथून केव्हाच पुढे गेलं होतं.

मी म्हणते उरलेल्या रकमेपुरतं कर्ज काढू. तो म्हणतो अजून एक वर्ष थांबू. दोघांपैकी कोणाचं चुकतंय हे खरंच कळत नाहीये. तुमच्याकडे काय अनुभव आहेत?

उलटा वारा

ताई, सरळ सांगतो. कर्ज काढा आणि आजच काढा. महागाईत कर्जदार जिंकतो आणि साठवणारा हरतो. आज घेतलेला पैसा वजनदार असतो, परत करताना तो हलका झालेला असतो. महागाई ७ टक्के राहिली तर दहा वर्षांत पैशाची ताकद जवळपास निम्मी होते. २० वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता आजच्या तुलनेत पाव वजनाचा. मी स्वतः याच हिशोबावर घर घेतलं आणि मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

आकडेमोड

आधी धागाकर्तीच्या एका वर्षाबद्दल. मी हिशोब करून पाहिला. वर्षभर थांबलात तर तुमच्याकडे साधारण १४६ होतील, मशीन १५७ वर गेलेलं असेल. म्हणजे तेव्हाही ११ कमीच. दोन वर्षं थांबलात तर १८८ विरुद्ध १७६, तेव्हा कुठे तुम्ही किंमत गाठाल. तीन वर्षांचा बेत पाच वर्षांवर जातो. किंमत वाढण्याचा वेग हाच राहील असं गृहीत धरलंय, तो तसाच राहील याची कोणी हमी देऊ शकत नाही.

आता उलटा वारा यांच्यासाठी. हप्ता हलका होतो हे खरं, पण तो तुमच्या पगाराच्या मानाने हलका व्हायला हवा. महागाईचा आकडा वर गेला म्हणून आपोआप काही होत नाही. समजा मिळकत १००, घरखर्च ६०, हप्ता ३०, हातात उरतात १०. भाव वर्षाला १० टक्के वाढले आणि पगार ३ टक्केच वाढला. पहिल्या वर्षानंतर हातात उरतात ७. दुसऱ्या वर्षानंतर साडेतीन. तिसऱ्या वर्षी खिशातले घालावे लागतात. हप्ता तोच आहे, एका पैशानेही वाढलेला नाही, तरी तो बसत नाही. कारण त्याच्या आजूबाजूची जागा घरखर्चाने खाल्ली.

"महागाई ९ टक्के, कर्ज ८ टक्के, म्हणजे पैसा फुकट" असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मी एकच विचारतो: गेल्या तीन वर्षांत तुमचा पगार किती वाढला?

उलटा वारा

पगार वाढलाच नाही असं का धरता? बहुतेकांचा वाढतो, थोडा उशिरा वाढतो इतकंच.

आकडेमोड

त्या "थोडा उशिरा"मध्येच माणसं बुडतात हो. भाव आज वाढतात, पगारवाढ पुढच्या वर्षी येते, आणि हप्त्याची तारीख दर महिन्याला असते.

पाऊलवाट

आकडेमोड यांनी लिहिलंय ते माझ्या घरात घडलंय, म्हणून धीर करून लिहिते. मी २९ वर्षांची आहे, भाड्याने राहते. कर्ज काढायचं असं मी कधी ठरवलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी भाडं वाढलं आणि महिन्याचे शेवटचे आठ-दहा दिवस क्रेडिट कार्डावर जायला लागले. पुढच्या महिन्यात पगार झाला की भरू, असं वाटायचं. मग पूर्ण बिल भरणं जमेना, म्हणून "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली भरायलाच हवी अशी किमान रक्कम, भरायला लागले. स्क्रीनवर हिरवी खूण यायची, पेमेंट झालं म्हणून. ती खूण बघून मला खरंच वाटायचं की मी वेळेवर फेडतेय.

कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज होतं. तीनच टक्के, असं वाटलं. एका मैत्रिणीने चक्रवाढ करून दाखवलं तेव्हा कळलं की ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट. मी कोणतीही मोठी वस्तू घेतलेली नाही, कुठे फिरायला गेले नाही. जगले, एवढंच. आणि त्याचे हप्ते भरतेय.

त्यामुळे "महागाईत कर्जदार जिंकतो" हे वाचून फार लागलं. राग नाही, पण लागलं.

उलटा वारा

पाऊलवाट, माफ करा. मी घरासारख्या गोष्टीबद्दल बोलत होतो, ते नीट सांगायला हवं होतं. तुम्ही सांगताय त्या व्याजदराला कुठलीच महागाई पुरी पडत नाही.

खिडकी क्रमांक तीन

मी बावीस वर्षं कर्ज विभागात काम केलं, आता निवृत्त. पाऊलवाट, तुम्हाला तीन गोष्टी सांगते, लगेच करण्यासारख्या.

पहिली, त्या कार्डावर नवीन काहीही घेऊ नका. बहुतेक कार्डांवर मागची बाकी राहिली की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. दुसरी, तुमचं पगाराचं खातं जिथे आहे तिथे साध्या वैयक्तिक कर्जाची चौकशी करा. व्याज १४-१५ टक्के निघालं तरी ते घेऊन कार्ड पूर्ण मोकळं करा. हे कर्जावर कर्ज नाही, महागडं कर्ज स्वस्त कर्जाने बदलणं आहे. पण कार्ड मोकळं झाल्यावर पुन्हा भरायला लागलात तर दोन्ही डोक्यावर बसतात. असे खूप जण मी खिडकीपलीकडे पाहिलेत, आणि त्यात आळशी किंवा उधळे लोक कमीच होते. तिसरी, ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी बोला. हप्ता चुकण्याआधी आलेल्या माणसाला काहीतरी वाट काढून देता येते. तीन हप्ते चुकल्यावर आलेल्यासाठी आमचेही हात बांधलेले असायचे.

आणि लाज बाळगू नका. लाजेने लोक उशिरा येतात, नुकसान तिथे होतं.

पाऊलवाट

ताई, खूप आभारी आहे. उद्याच विचारते. घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

उंबरठा

मी सत्तरीचा आहे. सेवानिवृत्तीला बारा वर्षं झाली. आयुष्यभर कर्ज टाळलं, एकदाच काढलं आणि मुदतीआधी फेडलं. या धाग्यावर बिनकर्जी माणसाची बाजू मी मांडीन असं तुम्हाला वाटेल, पण मला दुसरंच सांगायचं आहे.

बिनकर्जी असणं म्हणजे सुरक्षित असणं, असं मी समजत होतो. मी कोणाचं देणं लागत नाही, तेव्हा मला कसली भीती? सगळी पुंजी ठेवीत होती, ठरलेल्या व्याजाने. बारा वर्षांत तिचा आकडा कमी झाला नाही. पण बायकोच्या औषधांना जी रक्कम महिनाभर पुरायची, ती आता सोळा-सतरा दिवसांत संपते. पासबुकात सगळं जिथल्या तिथे आहे आणि तरी काहीतरी निघून गेलंय. कर्जदाराला निदान समोर दिसतं की कोण काय घेऊन चाललंय. माझं गेलं ते कोणीही न मागता गेलं.

म्हणून निळी शाई, तुमच्या नवऱ्याला माझ्याकडून इतकं सांगा: बिनकर्जी राहा, पण पैसा नुसता पडू देऊ नका. कमावणारं मशीन घेण्याचं वय आहे, तोवर घ्या.

मोकळा श्वास

काकांबद्दल आदर ठेवून वेगळं मत. दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. सात महिने घरी होतो. तेव्हा कर्ज नव्हतं म्हणून आम्ही तरलो. महागाई होतीच, पण महागाईत माणूस खर्च कापू शकतो. वस्तू पुढे ढकलतो, स्वस्तातली बघतो, काही सोडून देतो. हप्ता कापता येत नाही. माझ्याबरोबर नोकरी गेलेल्या सहकाऱ्यावर घराचं आणि गाडीचं अशी दोन कर्जं होती. त्याने पाचव्या महिन्यात निम्म्या पगाराची नोकरी धरली, कारण थांबायला त्याला वेळच नव्हता. मी थांबू शकलो, मनासारखं काम मिळालं. हा थांबण्याचा वेळ कुठल्याच व्याजाच्या तक्त्यात येत नाही. कर्ज नसण्याचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच आहे, आणि महागाईच्या काळात नोकऱ्याही डळमळतात हे विसरू नका.

जुनी पानं

इतिहास शिकवतो, म्हणून थोडं मागचं सांगतो. दोन्ही बाजूंना उदाहरणं सापडतात, आणि ती अर्धीच सांगितली जातात.

कर्जदार जिंकल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९२३ सालच्या जर्मनीचं. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. जुनी गहाणखतं अक्षरशः चिल्लरीत फिटली. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं असं, की ज्यांचे पैसे बुडाले ते काही फक्त बडे सावकार नव्हते. आयुष्यभर बचत केलेली साधी माणसं होती, उंबरठा काकांसारखी. त्यांनी दाद मागितली आणि १९२५ मध्ये तिथे कायदा आला: जुन्या गहाणकर्जांचं मूल्य सोन्याच्या हिशोबाने २५ टक्क्यांपर्यंत पुन्हा उभं केलं गेलं. फिटलं म्हणून निश्चिंत झालेल्या अनेकांना पुन्हा देणं लागलं.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १९७०च्या दशकात तिथे ठराविक व्याजाने घर घेतलेल्यांचं खरोखर भलं झालं, कारण महागाईबरोबर पगारही चढले. ते बघून पुढच्यांना वाटलं की हे असंच चालणार. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले आणि महागाई मोडायची म्हणून त्यांनी व्याजदर चढू दिले. ऑक्टोबर १९८१ मध्ये ३० वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर साडेअठरा टक्क्यांच्या आसपास होता. १९८० साली साडेतेरा टक्के असलेली महागाई १९८३ पर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास आली. १८ टक्क्यांनी कर्ज घेतलेल्याची वस्तू १३ टक्क्यांनी महाग होत असेल तर तो कसाबसा तग धरतो. महागाई ३ टक्क्यांवर आली की तोच हप्ता छातीवरचा दगड होतो.

आणि आइसलँडमध्ये तर बहुतेक गृहकर्जांची मुद्दलच महागाईला बांधलेली असे. २००८ नंतर तिथे भाव भडकले तेव्हा माणसं नियमाने हप्ते भरत होती आणि मुद्दल वाढत होती.

अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी व्याजातून महागाई वजा करून बघायला शिकवलं. त्याच फिशर यांनी उसन्या पैशावर शेअर घेतले होते आणि १९२९ च्या पडझडीत त्यांची संपत्ती गेली. नंतर १९३३ मध्ये त्यांनी लिहिलं की भाव कोसळतात तेव्हा कर्जदार जितकं फेडतात तितकं देणं अधिक जड होत जातं. त्यांना हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नव्हतं, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार वाटतं.

उलटा वारा

हे वाचून माझ्या कर्जाचे कागद बाहेर काढले. माझं कर्ज फ्लोटिंग आहे, म्हणजे व्याजदर बांधलेला नाही, मधे बदलू शकतो. घेताना ते कलम वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. मधे दर वाढले तेव्हा हप्ता तोच राहिला म्हणून मी निश्चिंत होतो. आज स्टेटमेंट नीट बघितलं, तर मुदत सहा वर्षांनी पुढे गेली आहे. पत्र आलं होतं, मी उघडलं नव्हतं.

आकडेमोड

हे फार जणांचं होतं, मनाला लावून घेऊ नका. पण यातला हिशोब एकदा बघाच. २० वर्षांचं कर्ज ८ टक्क्यांनी घेतलं तर लाखाला हप्ता येतो ८३६. त्यात पहिल्याच महिन्यात ६६७ व्याजाचे. सुरुवातीलाच दर १० टक्के झाला तर नुसतं व्याज ८३३ होतं. म्हणजे ८३६ मधले तीनच मुद्दलात जातात. हप्ता तोच ठेवला तर ते कर्ज फिटायला ५६ वर्षं लागतील. बँका इतकं ताणत नाहीत, हप्ता वाढवायला सांगतात, आणि मग तो ९६५ होतो.

तेव्हा "महागाईत कर्ज चांगलं" या वाक्याला "दर बांधलेला असेल तर" ही शेपटी लावल्याशिवाय ते कोणालाही सांगू नये. भाव चढले की व्याजदर चढवायचे, हेच तर मध्यवर्ती बँकांचं काम आहे. फ्लोटिंग कर्जदाराला महागाई दोन दारांनी गाठते: घरखर्चातून आणि हप्त्यातून.

वजनकाटा

मी व्यापारी माणूस. चार दिवस वाचतोय, आणि एक प्रश्न राहून राहून मनात येतोय. निळी शाईताई, तुम्ही म्हणता आमच्यावर कर्ज नाही. पण तुमच्या यजमानांची लोकांकडे येणी किती आहेत?

विचारण्याचं कारण सांगतो. मी स्वतःला पंधरा वर्षं बिनकर्जी समजत होतो आणि त्याचा मला अभिमान होता. एका वर्षी मालाचे भाव एकदम चढले. तोच माल पुन्हा भरायला पैसे कमी पडायला लागले. विक्री चांगली, नफा कागदावर दिसतोय, मग पैसा जातो कुठे? शेवटी मुलीने उधारीची वही घेऊन बेरीज केली. सहा-सहा, आठ-आठ महिने लोकांकडे पैसे अडकलेले. मी जुन्या भावाने माल दिला, पैसे आठ महिन्यांनी आले, तोवर तो माल त्या पैशात येत नव्हता. म्हणजे मी कर्ज घेतलेलं नव्हतं, पण देत होतो. बिनव्याजी, बिनमुदतीचं, आणि महागाईत.

आपल्याला वाटतं उधारीच्या व्यवहारापासून आपण लांब आहोत. बहुतेक वेळा आपण त्याच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि ते टोक जास्त तोट्याचं असतं.

निळी शाई

वजनकाटा दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री मोठ्याने वाचून दाखवला. हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून वर्कशॉपची वही घेऊन आले.

ती वही मी कधी नीट बघितली नव्हती. तेलाच्या डागांनी पानं पारदर्शक झालीत, एका पानावरचं दुसऱ्या पानावर दिसतं. मागच्या बाजूला यांनी परत पाठवलेल्या कामांची नोंद ठेवली आहे, हे मला माहीतच नव्हतं. सहा महिन्यांत ४१ कामं परत गेली. मला वाटलं सगळी मशीन मोकळं नसल्यामुळे. बसून एकेक विचारलं. २६ मशीनमुळे. बाकीची १५ घेतली नाहीत, कारण कच्चा माल आणायला त्या वेळी हातात रोख नव्हती. आणि रोख का नव्हती, ते पुढच्या बाजूला लिहिलेलं होतं. येणी एकूण १९, म्हणजे मशीनची जुनी किंमत १०० धरली त्याच मापाने. काही येणी चौदा महिन्यांची.

मी विचारलं, मागत का नाही? म्हणाले, "कोणाच्या दारात जाऊन पैसे मागणारा माणूस मला व्हायचं नाही." मग माझ्या लक्षात आलं. लहानपणी ज्या दारावर कडी वाजायची त्या दाराच्या दुसऱ्या बाजूलाही यांना उभं राहायचं नव्हतं. नऊ वर्षं मी कर्ज न काढण्याबद्दल बोलत होते, ही बाजू मला दिसलीच नाही.

दुसरी गोष्ट. मशीन विकणाऱ्याने स्वतःहून कर्जाची सोय सांगितली आहे. तीन वर्षं, फक्त १० टक्के. बरी आहे का?

खिडकी क्रमांक तीन

ताई, आधी एवढं विचारा: १० टक्के फ्लॅट की घटत्या मुद्दलावर?

फ्लॅट असेल तर १०० वर तीन वर्षांचं व्याज सरळ ३० धरतात, १३० चे ३६ भाग करतात, महिन्याला ३.६१. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत असता. शेवटच्या वर्षात तुमच्याकडे त्यांचे थोडेच पैसे उरलेले असतात आणि व्याज मात्र पूर्ण १०० वर चालू. घटत्या मुद्दलाच्या हिशोबाने हा दर जवळपास १८ टक्के पडतो. १२ टक्के घटत्या मुद्दलावर देणारा त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. समोरचा "दहा" म्हणतो आणि दुसरा "बारा" म्हणतो, लोक दहावर सही करतात. मी हे बावीस वर्षं पाहिलं.

"बिनव्याजी हप्ते" म्हणाला तर रोखीची किंमत विचारा. रोखीने ९४ ला मिळणारी वस्तू १२ हप्त्यांत १०० ला देत असेल तर ते ११ टक्क्यांहून जास्त व्याज झालं, फक्त त्याला व्याज म्हटलेलं नाही.

आणि तीन गोष्टी कागदावर बघा: दर बांधलेला आहे का, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, प्रक्रिया शुल्क किती. तोंडी सांगितलेलं काहीही धरू नका.

मोकळा श्वास

माझी एकच विनंती. सगळे १०६ मशीनमध्ये घालून उरलेल्यापुरतं कर्ज घेऊ नका. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं, कर्ज कमीत कमी राहतं. पण हात पूर्ण रिकामे करून घेतलेलं छोटं कर्जसुद्धा पहिल्या वाईट महिन्यात अंगावर येतं. थोडं जास्त कर्ज घ्या आणि काही हप्त्यांचे पैसे बाजूला ठेवा. मी कर्जाच्या विरोधातला माणूस आहे आणि तरी हे सांगतोय.

आकडेमोड

मोकळा श्वास यांच्याशी पूर्ण सहमत. त्यासाठी थोडं जास्त व्याज गेलं तरी जाऊ दे.

निळी शाई

चार महिन्यांनी परत आलेय. तुम्ही इतक्या आपुलकीने लिहिलंत, काय झालं ते सांगायलाच हवं.

फ्लॅटच होतं. विचारल्यावर विकणाऱ्याने विषय बदलला. आमच्या खात्याच्या ठिकाणी १२ टक्के घटत्या मुद्दलावर, दर बांधलेला, असं मिळालं.

त्याआधी दोन महिने येणी वसूल केली. यांना एकट्याने जमणार नव्हतं, म्हणून पहिल्या तीन ठिकाणी मी बरोबर गेले. पहिल्या दारात हे माझ्या मागे उभे होते. आतून एक लहान मुलगी आली आणि म्हणाली, "बाबा आहेत ना, बोलावते." यांनी माझा हात घट्ट धरला. तो माणूस बाहेर आला, ओशाळला, निम्मे पैसे तेव्हाच दिले, उरलेल्यांची तारीख स्वतःहून सांगितली आणि पाळली. १९ पैकी ११ वसूल झाले.

विकणाऱ्याने मशीनची किंमत १४० च ठेवली. आमच्याकडे १०६ आणि ११ मिळून ११७ होते. त्यातले ९५ घातले, ४५ चं कर्ज काढलं, २४ महिन्यांचं. हप्ता २.१२. एकूण व्याज सहाच्या आत. दोन वर्षं थांबलो असतो तर किंमत ३६ ने वर गेली असती, हे आकडेमोड यांचं गणित मी यांना कागदावर लिहून दाखवलं होतं. हातात २२ राखले, म्हणजे दहा हप्त्यांची सोय. घरखर्चाची सहा महिन्यांची ठेव वेगळी आहे, तिला हात लावलेला नाही.

मशीन येऊन पाच आठवडे झाले. परत जाणारी कामं थांबली असं नाही, पण या महिन्यात चारच गेली.

पाऊलवाट

निळी शाई, तुमची पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं. माझंही सांगते. कार्ड मोकळं केलं, १५ टक्क्यांचं कर्ज घेतलं, तीन वर्षांचं. आईला सांगितलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, आधी सांगायचंस. कार्ड कापलं नाहीये, पण घरी आईच्या कपाटात ठेवून आले.

उंबरठा

दोघींना आशीर्वाद. ताई, राहिलेल्या आठांचं काय?

निळी शाई

काका, वहीत आता तारखेचा रकाना आखलाय, नवीन काम निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय धरत नाहीत. राहिलेल्या आठांपैकी तीन सोडून दिले, त्या माणसाच्या घरी आजारपण आहे. बाकीच्या पाचांसाठी हे उद्या सकाळी जाणार आहेत. एकटेच जातो म्हणाले.